प्रदेशातल्या नोकरदारांचं एआय-एक्स्पोजर कसं मोजायचं?

आकडेमोड
एका प्रदेशातल्या किती जणांच्या कामात एआय शिरू शकतं, याचा हिशेब मांडायचा आहे. श्रमबल पाहणीत व्यवसायाचे कोड तीन अंकी आहेत, तर वापरायचा निर्देशांक (प्रत्येक व्यवसायाला एआय-एक्स्पोजरचा गुण देणारा) चार अंकी आयएससीओ-०८ वर, म्हणजे व्यवसायांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातल्या ४३६ व्यवसायांसाठी आहे. सांधा कसा जुळवायचा? आणि येणारी टक्केवारी 'जाणाऱ्या नोकऱ्या' म्हणून मांडली तर चालेल का?

तिरका_स्तंभ
दुसऱ्याचं आधी: अजिबात नाही. एलुंडू आणि सहकाऱ्यांच्या २०२३च्या अभ्यासात एखादं काम त्याच दर्जाने निम्म्या किंवा त्याहून कमी वेळात होऊ शकत असेल, तर ते 'एक्स्पोज्ड' धरलंय. वेळ वाचला म्हणजे माणूस घरी गेला, असं त्यात कुठेही नाही.

आता सांधा. ४२२ हा तीन अंकी गट घ्या. यात ४२२२ म्हणजे कॉल सेंटरवाले आणि ४२२४ म्हणजे हॉटेलचे रिसेप्शनिस्ट एकत्र येतात. समजा पहिल्यांचा गुण ०.७ आणि दुसऱ्यांचा ०.४. साधी सरासरी ०.५५. पण तुमच्या प्रदेशात दहातले नऊ कॉल सेंटरमध्ये असतील तर खरा आकडा ०.६७, आणि प्रमाण उलटं असेल तर ०.४३. म्हणून सरासरी काढताना जनगणनेतून किंवा आस्थापनांच्या गणनेतून मिळणारे स्थानिक भार, म्हणजे कुठल्या व्यवसायात किती माणसं याचं प्रमाण, लावा. ते मिळालेच नाहीत, तर एक आकडा देऊ नका, दोन्ही टोकं द्या.

नमुना_लहान
यात भर. निर्देशांक ओ-नेटवर, म्हणजे व्यवसाय आणि त्यातल्या कामांच्या अमेरिकी माहितीसाठ्यावर बेतलेला असेल तर अमेरिकी कोडवरून आयएससीओवर येताना एकाला अनेक जोड्या लागतात. दोन्ही तक्ते थेट जोडले, म्हणजे मर्ज केले, की ओळी वाढतात आणि तोच माणूस दोनदा मोजला जातो. भार वाटून द्या, आणि मर्जच्या आधी व नंतर एकूण रोजगार जुळतो का ते बघा. ही तपासणी कंटाळवाणी आहे, म्हणूनच लोक ती गाळतात.

पाहणीचा नमुना छोट्या प्रदेशाला पुरत नाही. एखाद्या कोडखाली जेमतेम पाच-सात माणसं सापडली, तर लागोपाठच्या दोन-तीन वर्षांचा डेटा एकत्र करा. शिवाय पाहणी राहत्या घरी होते. रोज शेजारच्या शहरात कामाला जाणारेही तुमच्याच खात्यात पडतात.

कामाचा_तुकडा
मला खरी अडचण त्याच्याही आधी दिसते. ओ-नेटमधली कामांची वर्णनं अमेरिकी आहेत. तिथला हिशेबनीस जे सॉफ्टवेअरवर करतो, ते इथे वहीत होत असेल, तर कोड तोच राहतो पण काम बदलतं. व्यवसाय एकसाची धरल्यावर काय होतं ते जुन्या वादात दिसलंच. ऑटोमेशनबाबत फ्रे आणि ऑसबोर्न यांनी २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ४७ टक्के नोकऱ्या जास्त धोक्याच्या ठरवल्या. अर्न्ट्झ, ग्रेगरी आणि झिएराहन यांनी २०१६ मध्ये माणूस प्रत्यक्षात काय काम करतो ते धरून मोजलं, तर ओईसीडी या, बहुतांशी श्रीमंत देशांच्या संघटनेतल्या २१ देशांची सरासरी ९ टक्के आली.

तुमच्याकडे सर्वाधिक रोजगार असलेले दहा-पंधरा कोड निवडा, तिथल्या माणसांना कामांची यादी दाखवा आणि तुमच्याकडे न होणारी कामं खोडून गुण पुन्हा काढा. बाकीचे कोड आहेत तसे राहू द्या.

आकडेमोड
कारकुनी कोडपासून सुरुवात करतो, आमच्याकडे तेच जास्त आहेत. दोन्ही टोकं इथे टाकेन.