आफ्रिकेतील मळ्यांसाठी गेलेल्या जमिनी: वाद जमातींचा की मालकीचा?

प्रश्न – दोडामार्गकर

नमस्कार. आमच्या दोडामार्ग तालुक्यात रबर आणि अननसाच्या बागांनी डोंगरच्या डोंगर व्यापले, तेव्हापासून मोठ्या लागवडीसाठी जमीन गावाच्या हातून कशी जाते याविषयी मी वाचत आलो आहे. त्यातूनच आफ्रिकेतील पाम तेल, रबर आणि उसाच्या मळ्यांकडे वळलो. तिथल्या बातम्यांत एकच स्पष्टीकरण वारंवार येते: अमुक जमातीने कंपनीला होकार दिला, तमुक जमातीने विरोध केला आणि रक्तपात झाला. केनियात ताना नदीच्या त्रिभुज प्रदेशात २०१२ साली पोकोमो शेतकरी आणि ओर्मा पशुपालक यांच्यात उसळलेल्या हिंसेत शंभराहून अधिक माणसे मेली. तिचे वर्णनही पिढीजात वैर असेच झाले. परंतु त्याच प्रदेशात आधीची काही वर्षे उसाच्या प्रचंड मळ्यांचे प्रस्ताव चर्चेत होते, याचा उल्लेख क्वचितच आढळतो.

जमातीवरची निष्ठा हे या वादांचे मूळ आहे, की जमिनीचा हक्क कागदावर नसल्यामुळे माणसे जमातीचा आधार घेतात? आणि जमीन सामाईक असेल, तर भाडेपट्ट्यावर सही करण्याचा अधिकार नेमका कोणाचा?

उत्तर १ – काजूवाले, वेंगुर्ले

आपल्या दुसऱ्या प्रश्नातच पहिल्याचे उत्तर आहे, असे माझे ठाम मत आहे. सिएरा लिओनमधील मालेन हे उदाहरण पाहावे. पुजेहुन जिल्ह्यातील या भागात २०११ साली सोकफिन कंपनीला पाम लागवडीसाठी सुमारे ६,५०० हेक्टर जमीन ५० वर्षांच्या कराराने मिळाली. जमीन कसणाऱ्या कुटुंबांकडून ती थेट घेतली गेली नाही. त्या भागाचा पारंपरिक सर्वोच्च प्रमुख आणि त्याच्या परिषदेने ती सरकारला भाडेपट्ट्याने दिली आणि सरकारने कंपनीला पोटभाड्याने दिली. भाडे ठरले एकरी वर्षाला पाच डॉलर. त्यातील निम्मे जमीनमालक कुटुंबांना, २० टक्के प्रमुखाच्या प्रशासनाला, २० टक्के जिल्हा परिषदेला आणि उरलेले १० टक्के केंद्र सरकारला. म्हणजे ज्याच्या बापजाद्यांनी पामची झाडे राखली, त्याच्या वाट्याला एकरी अडीच डॉलर, आणि तेही कुटुंबातील सर्वांत वाटून घ्यायचे.

यात दोन जमाती कुठे आहेत? वाद एकाच समाजात, प्रमुख आणि त्याच्या प्रजेत होता. विरोध करणाऱ्या कुटुंबांनी आपली संघटना उभारली, तेव्हा त्यांच्यावर प्रमुखाशी बेइमानी केल्याचा ठपका आला. जी निष्ठा एरवी लग्नात, मयतात आणि तंट्यात गावाला धरून ठेवते, तीच कराराच्या बचावासाठी वापरली गेली. जानेवारी २०१९ मध्ये तिथे झालेल्या संघर्षात दोन गावकरी गोळीबारात ठार झाले.

प्रमुखाच्या हाती एवढा अधिकार आला तो मुख्यतः इंग्रजांच्या राज्यपद्धतीमुळे. प्रमुखांमार्फत कारभार चालवणे त्यांना सोयीचे होते. म्हणून पूर्वी जो जमिनीचा राखणदार मानला जाई, तो कागदोपत्री तिच्या वतीने बोलणारा एकमेव माणूस झाला.

जिथे असा प्रमुख मध्ये नाही, तिथे सरकार स्वतःच सही करते. इथिओपियात जमिनीची मालकी राज्यसंस्थेकडे आहे. बेंगळुरूच्या करुतुरी कंपनीला तिथल्या गांबेला प्रांतात एक लाख हेक्टर जमीन मिळाली, तेव्हा तिथल्या अनुआक लोकांच्या संमतीवाचून काहीही अडले नाही. कंपनी आपल्या देशातली होती, म्हणून हे आपण अधिक गांभीर्याने वाचायला हवे.

उत्तर २ – अलिबागहून

वरील उत्तरातील प्रमुखाचा मुद्दा वाचून कोकणी माणसाला खोत आठवल्यावाचून राहणार नाही. सारा गोळा करणारा मध्यस्थ इंग्रजी अमलात जमिनीचा धनी होऊन बसला आणि रत्नागिरीत १८८० च्या खोती कायद्याने त्याच्या हक्कांना सरकारी शिक्का मिळाला. आमच्या अलिबागजवळच्या चरी गावातील शेतकऱ्यांना खोतांविरुद्ध १९३३ पासून सहा वर्षे शेते ओस ठेवून संप करावा लागला. तो संपही भावकीच्या आणि गावाच्या एकीवरच टिकला. तेव्हा समूहाची निष्ठा नेहमी मालकाच्याच बाजूने उभी राहते, असे समजण्याचे कारण नाही.

उत्तर ३ – चौकुळकर

मी थोडी वेगळी बाजू मांडतो. आंबोली, गेळे आणि आमचे चौकुळ येथील कबुलायतदार गावकर जमिनींचे प्रकरण आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. संस्थानकाळापासून गावाने सामाईक धरलेल्या जमिनींच्या सातबारावर पुढे 'महाराष्ट्र शासन' अशी नोंद झाली आणि कसणाऱ्याला स्वतःच्याच गावात हक्क सिद्ध करत बसावे लागले. त्यामुळे कॅमेरूनमधील बाक्वेरी लोकांचा लढा मला जवळचा वाटतो. माउंट कॅमेरूनच्या उतारावरील त्यांची सुपीक जमीन जर्मनांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मळ्यांसाठी हिसकावली आणि त्यांना अपुऱ्या राखीव पट्ट्यांत कोंबले. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्रजांनी ती मूळ मालकांना परत न देता १९४७ साली कॅमेरून विकास महामंडळाकडे सोपवली. बाक्वेरींनी १९४६ मध्येच भूमी समिती स्थापून थेट संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागितली होती. महामंडळाचे खासगीकरण करण्याचे १९९४ मध्ये ठरले, तेव्हा जमीन कायमची जाणार या भीतीने तीच मागणी पुन्हा उठली. पुढे प्रकरण आफ्रिकी मानवाधिकार आयोगापुढे गेले, परंतु आधी देशातील न्यायालयांत जा, असे सांगून आयोगाने २००४ मध्ये ते दाखल करून घेण्यास नकार दिला.

मात्र याच मळ्यांवर राबायला उत्तरेकडील उंच पठारावरून मजूर आणले गेले आणि त्यांच्या पिढ्या तिथेच वाढल्या. आज बाक्वेरी आपल्याच भूमीत अल्पसंख्य आहेत. त्यांचा दावा न्याय्य आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण तो 'मूळचे आणि उपरे' अशा भाषेत मांडला गेला की जमीन हिसकावणारे बाजूला राहतात आणि रबराचा चीक गोळा करणारा मजूर शत्रू ठरतो. इथे जमातनिष्ठा हा केवळ आधार राहत नाही, तिचे हत्यारही होते. श्री. काजूवाले यांच्या उत्तरात ही बाजू राहून गेली.

दोडामार्गकर

सर्वांचे आभार. सहीविषयीच्या माझ्या प्रश्नावर आता तिथल्या कायद्यांत काही तोडगा निघाला आहे का?

काजूवाले, वेंगुर्ले

चौकुळकरांचा आक्षेप मला मान्य आहे. मजुरांच्या हक्काला वेगळे संरक्षण हवेच. कायद्यांचे म्हणाल, तर लायबेरियाने २०१८ मध्ये वहिवाटीची सामूहिक मालकी दस्तऐवज नसला तरी मान्य केली. सिएरा लिओनने २०२२ मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकले. आता कुटुंबाची जमीन गुंतवणूकदाराला द्यायची असेल, तर कुटुंबातील किमान ६० टक्के प्रौढ सदस्यांची संमती लागते, आणि त्या सदस्यांत स्त्रियाही समान हक्काने मोजल्या जातात. एकट्या प्रमुखाची सही आता पुरेशी नाही. आपल्याकडे सामाईक सातबारावरच्या एका हिस्सेदाराची सही मुंबईत अडकली की व्यवहार वर्षानुवर्षे रखडतो आणि आपण वैतागतो. मालेनमधल्या कुटुंबांना २०११ मध्ये तेवढा अडवण्याचा अधिकारही नव्हता.