सर्व्हरवरचं ट्रेनिंग बंद पडलं की टेलिग्रामवर मेसेज कसा मिळवायचा?

प्रश्न:
मंडळी, कॉलेजच्या जीपीयू सर्व्हरवर मॉडेल ट्रेन करतोय, घरून एसएसएचने (दूरच्या मशीनवर टर्मिनलने) शिरतो, टीमक्समध्ये (कनेक्शन तुटलं तरी चालू राहणारं टर्मिनल) स्क्रिप्ट लावतो आणि झोपतो. परवा रात्री साडेदहाला लावलं, सकाळी बघतो तर पावणेबारालाच बंद पडलेलं, अख्खी रात्र वाया गेली आणि सर्व्हर वापरायचा माझा नंबर आता चार दिवसांनी. बॉटफादरकडून (टेलिग्रामचा बॉट बनवून देणारा बॉट) बॉट बनवला, टोकन (बॉटची गुप्त किल्ली) पण आहे, पण मेसेज पाठवला की 'चॅट नॉट फाउंड' येतं. काय चुकतंय?

उत्तर:
आधी तुझ्या फोनवर बॉट उघडून स्टार्ट दाब, बॉट आपणहून कोणाला पहिला मेसेज करू शकत नाही. मग त्याला 'हाय' टाक, ब्राउझरमध्ये गेटअपडेट्सची (बॉटला आलेले मेसेज दाखवणारी) लिंक उघड, त्यात चॅट आयडी दिसेल तोच वापर, तुझं यूजरनेम टाकून चालत नाही. ग्रुपचा आयडी मायनसने सुरू होतो, ते चिन्ह सोडू नकोस, माझी एक संध्याकाळ त्यातच गेली. आणि टोकन कोडमध्ये अजिबात लिहू नको, गिटहबवर गेलं असेल तर आत्ताच बॉटफादरकडे जाऊन रिव्होक (रद्द) कर.

उत्तर:
वरचं सगळं बरोबर, पण मेसेजचा कोड पायथनच्या ट्राय-एक्सेप्टमध्ये (एरर पकडणारा भाग) टाकणार असशील तर परत फसशील. रॅम संपली की लिनक्स थेट सिगकिल (प्रोसेस जबरदस्तीने मारायचा सिग्नल) देतो, मग एक्सेप्ट नाही की फायनली नाही, प्रोसेस जागीच संपते आणि तू मेसेजची वाट बघत बसतोस. म्हणून बाहेर छोटी बॅश स्क्रिप्ट ठेव, ती पायथन चालवेल आणि ते कसंही थांबलं तरी एक्झिट कोड (प्रोग्रॅम कसा संपला ते सांगणारा आकडा) आणि लॉगच्या शेवटच्या 20 ओळी कर्लने (टर्मिनलवरून वेबवर डेटा पाठवणारी कमांड) पाठवेल. अख्खा लॉग नको, एका मेसेजला 4096 अक्षरांचीच मर्यादा आहे. कोड 137 आला तर 128 अधिक सिग्नल नंबर 9, म्हणजे सिगकिल, बहुतेक वेळा मेमरीच.

उत्तर:
आणि सर्व्हरच रीबूट झाला तर ती बॅश स्क्रिप्ट पण जाते ना. मी दुसऱ्या मशीनवर क्रॉन (ठरलेल्या वेळी आपोआप कमांड चालवणारा) लावलाय, दर 10 मिनिटांनी लॉग फाइलची वेळ बघतो, अर्धा तास हलली नाही की मेसेज.

प्रश्नकर्ता:
आज नंबर लागला. स्टार्ट दाबलंच नव्हतं मी! बॅशवालं पण केलं, तासाभराने फोन वाजला, 137. व्हॅलिडेशनचे सगळे आउटपुट लिस्टमध्ये साठवत होतो, रॅम त्यानेच भरत होती. ते काढलं, आता सातवा इपॉक (सगळ्या डेटावरची एक फेरी) चालू आहे. खूप खूप आभार सगळ्यांचे, क्रॉन उद्या लावतो.