दिवे लागतायत, मग कोडिंग कशाला?

नेकारकाठचा
मुक्काम श्टुटगार्ट. मागच्या महिन्यात जुनी कॅराव्हॅन (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेतली, १,३०० किलोची. ओढणार आमची ऑक्टाव्हिया. दोन्हींचं मिळून मान्य कमाल वजन ३,५०० किलोच्या आत बसतं, म्हणून साधं बी लायसन्स पुरतं. गाडीला ट्रेलर ओढायचा हुक नव्हता, नंतर बसवून घेतला. गॅरेजवाल्याने युनिव्हर्सल किट टाकलं: टेललाइटच्या वायरींमधून सिग्नल उचलायचा, रिलेच्या डबीतून १३ पिनच्या सॉकेटला द्यायचा, बॅटरीवरून एक वेगळी वायर मागे आणायची. इंडिकेटर, ब्रेक, फॉग, सगळं लागतं.

आता ऑफिसमधला एकजण म्हणतो, हे उपटून टाक, गाडीच्या कॅन बसला (गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ती वायर) जोडणारं किट घाल आणि कोडिंग करून घे, म्हणजे हुक बसवलाय हे गाडीच्या कॉम्प्युटरला सांग. कोट आलाय ६०० युरोचा. माझं मत स्पष्ट आहे, हा कॉम्प्युटरच्या नावाने चाललेला धंदा आहे. आमच्याकडे सांगोल्याला एका ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन ट्रॉल्या जातात, तिथे कोण कोडिंग करतं?

सुमेधा_लीड्स
त्या ट्रॉल्या ताशी ९० ने जात नाहीत हो! (आणि त्यांना मागे दिवे असतात का, हा वेगळा धागा होईल.)

प्रश्न दिव्यांचा नाहीच. मागे काहीतरी जोडलंय हे गाडीला कळलंय का, हा आहे. कॅराव्हॅन डोलायला लागली की ईएसपी (गाडी घसरू नये म्हणून असलेली यंत्रणा) एकेका चाकाला ब्रेक लावून आणि इंजिनाची ताकद कमी करून डोलणं मोडतं. बऱ्याच गाड्यांत हे फक्त ट्रेलर ओळखला गेला तरच चालू होतं. तुमच्या किटमध्ये गाडीला वाटतंय की ती एकटीच चालली आहे.

रात्री धुक्यात मागचा फॉग लावून बघा. ट्रेलर ओळखणारी गाडी स्वतःचा फॉग बंद ठेवते, फक्त कॅराव्हॅनचा लावते. तुमचा दोन्हीकडे पेटेल, आणि कॅराव्हॅनच्या पांढऱ्या तोंडावरून लाल उजेड परत तुमच्या आरशात.

आडगावचा_शहाणा
नेकारकाठचा यांना +१. दीड वर्षापूर्वी मी सगळं ‘नीट’ केलं होतं. ओरिजिनल किट, कोडिंग, पावती. पुढच्या सर्व्हिसला वर्कशॉपने सॉफ्टवेअर अपडेट मारला आणि कोडिंग उडालं. ॲडाप्टिव्ह क्रूझ (पुढच्या गाडीपासून आपोआप अंतर राखणारा) बंद, डॅशबोर्डवर पिवळी दिवाळी. वर्कशॉप म्हणे हुक तुम्ही बाहेर बसवलात, आमची जबाबदारी नाही. पुन्हा पैसे.

फोक्सवॅगन समूहाच्या नव्या गाड्यांत, गोल्फ ८ आणि ऑक्टाव्हियाची चौथी पिढी धरून, बरीच मॉड्यूल्स कुलूपबंद आहेत. कोडिंगआधी कंपनीच्या सर्व्हरकडून ऑनलाइन टोकन घ्यावं लागतं. म्हणजे गाडी माझी, हुक माझा, आणि तो लावलाय हे तिला सांगायला परवानगी तिसऱ्याची. डोलण्यासाठी कॅराव्हॅनच्या कपलिंगवर (हुकाला अडकणारा भाग) घर्षणाचं स्टॅबिलायझर बसतं. त्याला ना टोकन लागतं ना अपडेट.

सुमेधा_लीड्स
टोकनचा राग मान्य. पण तो राग कंपनीवर काढा, ईएसपीवर कशाला? आणि ते स्टॅबिलायझर असावंच, पण ते डोलणं सुरू होऊ नये म्हणून असतं. एकदा शेपूट हलायला लागलं की वेग कमी करणं हाच उपाय, आणि ते गाडी तुमच्याआधी करते.

मिलिवोल्ट
दोघांचं भांडण चालू द्या. नेकारकाठचा, फ्रिज थंड होतो का प्रवासात?

सॉकेटची पिन १० फ्रिजची, इंजिन चालू असतानाच वीज देणारी. पिन ९ कायमची. हल्लीच्या गाड्यांचा अल्टरनेटर बॅटरी भरली की व्होल्टेज खाली आणतो, तेवढंच डिझेल वाचतं. समजा सॉकेटकडे निघताना १२.४ व्होल्ट आहेत. अडीच चौरस एमएमची तांब्याची वायर, जाऊन-येऊन २० मीटर, रोध साधारण ०.१४ ओहम. फ्रिज १२ अँपिअर ओढतो म्हटलं तर वाटेतच १.७ व्होल्ट गेले, फ्रिजला उरले १०.७. वॅट व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात घटतात, म्हणजे चौथा हिस्सा गायब. कॅराव्हॅनमधल्या बॅटरीचं तर विचारूच नका, एवढ्यावर ती भरतच नाही.

बॅटरीसाठी कॅराव्हॅनमध्ये डीसी-डीसी चार्जर (आलेलं व्होल्टेज वाढवून बॅटरी भरणारा) टाका, फ्रिजला जाड वायर. हे कोडिंगने सुटत नाही, युनिव्हर्सल किटने तर नाहीच.

पुणेरी_उंट
एवढ्यात हॉटेल आलं असतं.

नेकारकाठचा
आज सकाळी रिकाम्या पार्किंगमध्ये रिव्हर्स घेऊन बघितला. सेन्सर पहिल्या फुटापासून किंचाळायला लागले आणि पुढच्या क्षणी गाडीने स्वतःच करकचून ब्रेक मारला. मागे कॅराव्हॅन आहे हे तिला दिसलं, पण तिला ती भिंत वाटली. बायकोच्या हातातली कॉफी डॅशबोर्डवर. तेव्हा सुमेधाताई, तुमचा मुद्दा पटला. ६०० युरोचा अजून नाही, दुसऱ्या गॅरेजचा कोट मागवतोय. तोवर रिव्हर्सला सेन्सरचं बटण हाताने बंद करणार. आडगावचे, तुमच्या स्टॅबिलायझरचीही किंमत विचारली.

मिलिवोल्ट, इंजिन आणि फ्रिज चालू ठेवून फ्रिजच्या टर्मिनलला मीटर लावला: १०.३. तुमच्या हिशेबापेक्षाही कमी. वर फ्रिज चालू असला की कॅराव्हॅनचा डावा इंडिकेटर मंद होतो, ते काय?

मिलिवोल्ट
अर्थिंग, म्हणजे वीज परत नेणाऱ्या वायरी. पिन ३ दिव्यांची, ११ फ्रिजची, १३ कायमच्या विजेची. कॅराव्हॅनच्या बाजूला या तिन्ही वेगळ्या राहायला हव्यात. प्लग उघडून बघा, कोणी एकत्र बांधल्यात का.

नेकारकाठचा
उघडला. तिन्ही एकाच बारीक पांढऱ्या वायरीला पिळून, वर काळी टेप.