दसरा तोंडावर अन् जनरेटर सुरू होऊन नाही राहिला, रस्सी ओढून ओढून खांदा गेला

बुकस्टॉलवाला:
सगळ्यांना जय भीम, नमस्कार. दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर तीन दिवस पुस्तकांचं दुकान लावतो आम्ही, मी अन् मामा. त्याच्यासाठी एक छोटा जनरेटर घेऊन ठेवला आहे, दोन केव्हीएचा, पेट्रोलवाला, फोर स्ट्रोक, रस्सी ओढून चालू करायचा, सेल्फ वगैरे काही नाही. मागच्या दसऱ्याला शेवटच्या रात्रीपर्यंत मस्त चालला, मग मामाच्या घरी जिन्याखाली ठेवून दिला, तिथंच त्याचा उन्हाळा गेला अन् तिथंच पावसाळा. काल बाहेर काढला, धूळ पुसली, टाकीत जुनं पेट्रोल होतं अर्ध्याच्या खाली, त्याच्यावरच दोन लिटर नवीन टाकलं, कॉक उघडला, चोक ओढला, अन् मग ओढून राहिलो ओढून राहिलो, चाळीस-पन्नास वेळा तर नक्कीच, पण एक फट नाही का फूट नाही, धूरसुद्धा नाही. नवीन प्लग आणून टाकला, तरी तेच. रस्सी नेहमीसारखीच आहे, जाम नाही अन् एकदम हलकीही नाही. शेजारचे एक काका येऊन पाहून गेले अन् म्हणाले पिस्टन गेला याचा, आता भंगारात टाक. मेकॅनिककडं नेला तर तो म्हणे ठेवून जा, आठ दिवसानं पाहतो. आठ दिवसानं माझं दुकानच उठलेलं असेल ना भाऊ. घरी काय काय पाहता येईल ते सांगा, पाने, पक्कड, टेस्टर आहे, हातही चालतो थोडाफार.

कूलरवाला_भाऊ:
इंजिनचा लाल स्वीच ऑन होता ना बे? हसू नको. माझ्या साळ्यानं अख्खी दुपार घालवली होती, शेवटी त्याच्या पोरानं येऊन स्वीच दाबला.

बुकस्टॉलवाला:
होता भाऊ, दोनदा पाहिला 😅

हिंगण्याचा फिटर:
पिस्टनचं सोडा. रस्सी ओढताना दाब लागते म्हणता, म्हणजे कॉम्प्रेशन हाये, पिस्टन कुठी नाई गेला. एक वर्ष उभ्या राह्यलेल्या मशीनले बहुतेक दोनच रोग असते, एक तर पेट्रोल पोचत नाई, नाई तर ठिणगी नाई. आता कोणता ते तुमचा प्लगच सांगन. पन्नास वेळा चोक लावून ओढलं तर प्लग ओलागच्च पाह्यजे, पेट्रोलचा वास आला पाह्यजे त्याले. तर आधी प्लग काढून नुसता पाहा, ओला का कोरडा. ओला असन तर पेट्रोल जाऊन राह्यलं, ठिणगीत गोम हाये. कोरडा असन तर खाली कार्बोरेटरमधे, जिथं पेट्रोल अन् हवा मिसळते तिथं, घोटाळा.

ठिणगी पाह्याची असन तर प्लग टोपीत घालून त्याचा लोखंडी भाग इंजिनच्या उघड्या लोखंडाले टेकवा, रबरी दांडीच्या पकडीनं धरा, अन् दुसऱ्याले रस्सी ओढाले लावा. निळी, कडक ठिणगी पाह्यजे, पिवळी मरतुकडी नको. पण प्लगच्या भोकापासून लांब धरजो बापा, तिथून पेट्रोलची वाफ निघते, एका पोराच्या भुवया जळलेल्या पाह्यल्या म्या माझ्या डोळ्यानं.

अन् एक, ऑइल पाहा. या मशीनले खाली ऑइलचा सेन्सर राह्यते, ऑइल कमी असलं का तो ठिणगीच बंद करते, मंग तुम्ही शंभर वेळा ओढा. मशीन सपाट जागेवर ठेवून ऑइलचं झाकण काढा, तेल भोकाच्या काठाशी दिसलं पाह्यजे. जागा उताराची असन तर ऑइल पूर्ण असूनही सेन्सर फसते.

काटोल_रोडवाला:
आमच्या बगिच्यात फवारणीचा पंप दरवर्षी हेच नाटक करते, संत्र्याचा बहार सांभाळायचा तेव्हाच नेमका बंद. माझं म्हणणं पेट्रोलच बिघडलं आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळते, अन् इथेनॉल हवेतलं पाणी ओढते, त्यात तुमचं पेट्रोल तर पावसाळा खाऊन बसलं. पाणी जास्त झालं का इथेनॉल अन् पाणी मिळून खाली बसते, अन् कार्बोरेटरची वाटी असते सगळ्यात खाली. नवीन पेट्रोल वरून टाकून काही होत नाही, ते पण खराब करून बसले तुम्ही.
सायलेन्सरचं तोंड पण पाहून घ्या, कुंभारमाशी मातीचं घर बांधते त्यात. मी स्क्रू ड्रायव्हरनं अर्धी वाटी माती काढली होती एकदा.

दुसरी_शिफ्ट:
इथेनॉलच्या नावानं प्रत्येक वेळी बिल फाडणं बंद करा राव. इथेनॉल नव्हतं तेव्हाही वर्षभर ठेवलेल्या पेट्रोलवर मशीन चालू होत नव्हतीच. पेट्रोलमधला जो हलका भाग लवकर पेट घेतो तोच आधी उडून जातो, उरलेलं वाटीत सुकून चिकट होतं अन् जेटचं, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पितळी तुकड्याचं, भोक बुजतं. जेटचं भोक केवढं, सुईच्या टोकाएवढं. वाटी रिकामी न करता ठेवला ही चूक मूळची, इंधन कुठलंही असो.

काटोल_रोडवाला:
मान्य, पण वाटीत पांढरी भुकटी पहिले कधी पाहिली होती का तुम्ही? मला तर हे आत्ता आत्ता दिसून राहिलं.

दुसरी_शिफ्ट:
पाणी असलं की अॅल्युमिनियमला पांढरं चढतं, ते आधीही चढायचं. आता जास्त चढतं इतकं मानतो. चला, भांडण पुरे, त्याचा दसरा आहे.

बुकस्टॉलवाला:
फिटर काका, तुम्ही सांगितलं तसं केलं. प्लग एकदम कोरडा, वासही नाही. ठिणगी आहे, निळी, टकटक आवाज येऊन राहिला. ऑइल काठापर्यंत. सायलेन्सर मोकळा. मग मी एक आगाऊपणा केला, प्लगच्या भोकात चमचाभर नवीन पेट्रोल टाकलं, प्लग लावला अन् ओढला, तर भर्रर्र करून दोन सेकंद चालला अन् बंद!! मामा टाळ्या वाजवून राहिले. म्हणजे पेट्रोलच पोचत नाही, बरोबर ना?

हिंगण्याचा फिटर:
शंभर टक्के. आगाऊपणा नाई, हीच खरी परीक्षा हाये, फक्त चमचाभर जास्त झालं, चार थेंब पुरते. अन् घडीघडी करू नका.
आता असं करा. टाकीतलं सगळं पेट्रोल काढून टाका, नवं जुनं काही ठेवू नका. कॉकच्या खाली छोटी वाटी अन् जाळी असते, ते धुवा. मंग नळी कार्बोरेटरकडून काढून कॉक उघडून पाहा, धार सरळ पडते का. थेंब थेंब पडत असन तर टाकीचं झाकण सैल करून पाहा, झाकणाचं हवेचं भोक बुजलं तरी पेट्रोल उतरत नाई. धार चांगली असन तर पुढं कार्बोरेटर.
कार्बोरेटरच्या खाली वाटीले एकच बोल्ट असते, १० नंबरचा पाना. खाली भांडं धरून खोला. वाटी खाली येईन, तिचं पॅकिंग ताणू नका फाडू नका. आत फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा तुकडा, त्याची बारीक पिन, त्याले लटकलेली सुई, हे तीन हरवले का दसरा गेला तुमचा, म्हणून खाली पांढरं कापड अंथरजा. मधल्या नळीत खालून चपट्या स्क्रू ड्रायव्हरनं मेन जेट निघते, पितळेचा. उजेडाकडं धरून पाहा, आरपार गोल दिसलं पाह्यजे. साफ कराले सुई टाचणी घालू नका, भोक मोठं होते अन् मंग मशीन पेट्रोल पिते. लाइटच्या वायरीतली एक तांब्याची तार काढा, ती घाला. मोटरसायकलच्या पार्टवाल्याकडं कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मिळते, तो सगळ्या भोकांतून मारा, डोळ्यावर चष्मा लावून मारा, तो उलटा येते तोंडावर.

कूलरवाला_भाऊ:
अन् अंगणात करा हे सगळं, देवघरातला दिवा चालू असताना घरात नाही. सांगायचं काम आहे.

बुकस्टॉलवाला:
झालं. काका, कॉकची धार चांगली होती, वाटी खोलली तर आत अर्धा चमचा पाणी, पेट्रोलच्या खाली वेगळे मोती दिसावे तसं, अन् तळाला पांढरट थर, काटोलवाले भाऊ जिंकले म्हणायचं का काय माहीत नाही. मेन जेट पूर्ण बुजलेला, आरपार काहीच दिसत नव्हतं. तार घातली, स्प्रे मारला, फ्लोटची पिन एकदा खाली पडली ती चटईत सापडली पंधरा मिनिटांनी. सगळं लावलं, नवीन पेट्रोल टाकलं अन् तिसऱ्या ओढीला चालू!!! पण आता नवीन दुखणं. चोक बंद केला की मरते. अर्ध्या चोकवर चालते पण आवाज वरखाली वरखाली, जसा कोणी अॅक्सिलरेटर पिळून सोडून राहिलं. बल्ब लावला तर तोही लपलप करून राहिला. मोबाईल लावायची हिंमत नाही झाली.

दुसरी_शिफ्ट:
मोबाईल लावू पण नका, आवाज वरखाली म्हणजे व्होल्टेजही वरखाली. अर्ध्या चोकवर चालते अन् चोक काढला की मरते याचा अर्थ अजूनही पेट्रोल कमी येतंय, चोक हवा अडवून ती कमी भरून काढतो. मेन जेट तुम्ही साफ केला, पण पायलट जेट, म्हणजे कमी लोडवर पेट्रोल देणारा छोटा जेट, राहिला. बहुतेक छोट्या फोर स्ट्रोक मशीनमध्ये तो वरच्या बाजूला असतो, प्लॅस्टिकच्या टोपीचा, त्याला आयडलचा स्क्रू अडवून ठेवतो. तो स्क्रू काढायच्या आधी किती आटे आत आहे ते मोजून कागदावर लिहा, मग काढा, मग पायलट जेट स्क्रू ड्रायव्हरनं हलकेच उचकटून वर ओढा. त्याचं भोक मेन जेटपेक्षाही बारीक असतं, एकच तार जाईल. अन् मेन जेटच्या मागे एक लांब पितळी नळी असते आडव्या भोकांची, मेन जेट काढला की ती खाली येते, ती काढली होती का? तीही धुवा. कार्बोरेटर अन् इंजिनमधलं पॅकिंगही तपासा, तिथून हवा ओढत असेल तरी असंच होतं.

बुकस्टॉलवाला:
ती नळी मला माहीतच नव्हती, आतच राहिली. संध्याकाळी पुन्हा खोलतो.

सीताबर्डी_संध्याकाळ:
मधात बोलतो, माफ करा. लोड किती आहे तुमचा? ९ वॉटचे आठ एलईडी म्हणजे ७२, दोन टेबल फॅन धरा दीडशे, मोबाईल चार्जर धरून अडीचशे वॉटच्या आत. याला दोन केव्हीएचा जनरेटर कशाला? १५० एएचची इन्व्हर्टरची बॅटरी अर्धीच वापरली तरी तीन तास निघतात, अन् आवाजही नाही. पुस्तकाच्या दुकानात गिऱ्हाइकाला दोन ओळी वाचायच्या असतात हो.

बुकस्टॉलवाला:
तुमचं पटते. पण तीन दिवस सकाळपासून रात्री उशिरापर्यंत दुकान उघडं असते, बॅटरी तिथं चार्ज कुठं करणार, अन् ते ओझं डोक्यावर घेऊन घरून ने-आण कोण करणार, तिथं गाडी आत येत नाही. पंखे मात्र या वर्षी आणत नाही, ते खरं.

दुसरी_शिफ्ट:
एक गोष्ट अगदी मनावर घ्या. मागच्या बाजूला कापडाचा आडोसा करून जनरेटर त्यात कोंबतात लोक, आवाज येऊ नये म्हणून. तसं करू नका. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, वास येत नाही, आडोशात झोपलेला माणूस उठत नाही. उघड्यावर ठेवा, सायलेन्सरचं तोंड लोकांकडे नको. पेट्रोल टाकताना बंद करून दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्या, गर्दीत आग लागली तर पळायला जागा नसते. अन् घरी कधी वापराल तर दोन्हीकडं पिन असलेली वायर बनवून भिंतीच्या सॉकेटमध्ये करंट घुसवू नका, बाहेर खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव जातो त्यानं. चेंजओव्हर स्वीच लावा, म्हणजे एका वेळी बाहेरची लाइन नाही तर जनरेटर, एकच जोडला जातो.

बुकस्टॉलवाला:
काल रात्री पायलट जेट काढला, तारही जात नव्हती त्यात, स्प्रेमध्ये रात्रभर भिजवून ठेवला, सकाळी गेली. ती लांब नळी पण काळी झाली होती. आता चोक पूर्ण बंद अन् मशीन एका लयीत चालून राहिली, बल्ब स्थिर. तासभर चालवली. मामानं त्या शेजारच्या काकांना मुद्दाम चहाला बोलावलं 😄
जुन्या पेट्रोलचं काय करू? तीन-साडेतीन लिटर आहे.

काटोल_रोडवाला:
मोटरसायकलमध्ये टाकू नका, अन् नालीत तर अजिबात नको. कॅनमध्ये ठेवा, गॅरेजवाले पार्ट धुवायला घेतात, आमच्याकडं तरी घेतात. दुकान उठल्यावर या वेळी टाकी रिकामी करा, कॉक बंद करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे वाटी कोरडी होते, मग जिन्याखाली ठेवा.

हिंगण्याचा फिटर:
अन् वाटीच्या बाजूचा निचऱ्याचा स्क्रू पण खोलून घेजा, तळाशी दोन थेंब राह्यतेच. महिन्यातून एकदा दहा मिनिटं चालवली तर आणखी बेस.

बुकस्टॉलवाला:
दुकानावरून लिहून राहिलो. सकाळी मांडलं तर पुन्हा बंद! चालू होते अन् लगेच मरते, प्लग पाहिला तर ठिणगीच नाही. घाम फुटला. मग आठवलं, काका म्हणाले होते उतारावर सेन्सर फसते. रस्त्याच्या कडेला उतारावरच ठेवला होता. खालच्या बाजूला दोन विटा लावल्या, सपाट केला, पहिल्या ओढीला चालू. आता समोर गर्दी आहे, मामा हिशोब चुकवून राहिले, ठेवतो फोन.