इंदूर आणि अमेरिकेचे अध्यक्ष: वाचनालयातल्या छोट्या दालनात जुने कागद कसे लावावेत?

राजवाडा_चौक:

नमस्कार. इंदूरमधल्या एका जुन्या मराठी वाचनालयाची वरची खोली (१२ बाय १४ फूट, पश्चिमेला दोन खिडक्या) मोकळी झाली आहे. इंदूरचा अमेरिकेच्या अध्यक्षांशी आलेला संबंध दाखवणारं छोटं, कायमचं दालन तिथे करायचं ठरलं आहे. मुख्य विषय आहे महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९४२ मध्ये अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना उद्देशून लिहिलेलं उघडं पत्र.

हाताशी असलेलं सामान: पत्राच्या बातमीची दोन इंग्रजी कात्रणं (पिवळी पडलेली, एकावर तारीख नाही), होळकर संस्थानची काही तिकिटं, १९६५ चं लिंकनचं भारतीय तिकीट, १९६६ चं एक रेशनकार्ड आणि शर्मिष्ठादेवींच्या १९२८ च्या लग्नाचा फोटो. ९० × ६० × १५ सेंमीच्या दोन काचपेट्या प्लायमध्ये करून घ्यायच्या आहेत. कात्रणं लॅमिनेट करावीत असं समितीत काहींचं म्हणणं आहे. मूळ कागद लावावेत की प्रती? आणि या विषयाचे आणखी कागद कुठे मिळतील?

कागदकाम:

लॅमिनेशन अजिबात करू नका. त्यातला डिंक गरम होऊन कागदाच्या तंतूंत उतरतो आणि पुन्हा निघत नाही. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातलं लिग्निन असतं, त्यामुळे तो स्वतःच आम्ल तयार करत राहतो. लॅमिनेट केलं की ते आम्ल आतच कोंडतं. सेलोटेपही नको, काही वर्षांत तिचा तपकिरी डाग खालच्या अक्षरांवर उतरतो.

दालनात प्रत लावा, मूळ कात्रण प्रदर्शनात न लावता वेगळ्या बंद पेटीत ठेवा. कात्रणाची प्रत काढताना त्याच्या मागे काळा कागद ठेवा. पांढरा ठेवला तर पाठीमागची छपाई आरपार दिसते आणि प्रत गढूळ येते. ६०० डीपीआय, रंगीत, टिफ फाइल, कडेला पट्टी ठेवून (मूळ आकार पुढे कळायला हवा). पूर्ण पान असेल तर ए-४ स्कॅनरवर घडी घालून दाबू नका, घडीवर कागद तुटतो. कॅमेरा वरून सरळ खाली रोखून, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे लावून फोटो घ्या. छपाई मॅट कागदावर आणि पिगमेंट शाईनं करा. चकचकीत कागदावर काचेखाली दिव्याची तिरीप येते.

मूळ कात्रण पॉलिस्टर फिल्मच्या पाकिटात, मागे अल्कली-बफर (आम्ल शोषणारा थर) असलेला आम्लमुक्त कागद घालून ठेवा. पाकिटाचे कोपरे थोडे उघडे राहू द्या. बाजारातले मऊ, वास येणारे प्लॅस्टिक फोल्डर पीव्हीसीचे असतात, त्यांना शाई चिकटते. कुठे जोड द्यायचाच असेल तर जपानी कागदाची पट्टी आणि गव्हाच्या सत्वाची खळ वापरा. ती पाण्यानं सुटते. खळ लागेल तेवढीच शिजवा, उरलेली दोन दिवसांत आंबते आणि वासानं कसर, झुरळं येतात.

तिकिटांना डिंकाचं हिंज (मागे चिकटवायची छोटी कागदी पट्टी) लावू नका, पारदर्शक पॉलिस्टरचे खिसे वापरा.

दप्तर_शोध:

कागद शोधण्याआधी एक गोष्ट पक्की करा. ते उघडं पत्र होतं, म्हणजे प्रसिद्धीसाठी लिहिलेलं. रूझवेल्टांच्या संग्रहात स्वाक्षरीचं मूळ पत्र असेलच असं धरून चालू नका. म्हणून पाटीवर ‘रूझवेल्टांना मिळालेलं पत्र’ लिहू नका, ‘रूझवेल्टांना उद्देशून’ लिहा. एका शब्दाचा फरक आहे, पण जाणकार माणूस पहिल्यांदा तोच पाहील.

पत्र का लिहिलं गेलं हे सांगितल्याशिवाय ते कोणाला कळणार नाही. मार्च १९४२ मध्ये ब्रिटिश मंत्री स्टॅफर्ड क्रिप्स भारताच्या स्वराज्याबद्दल बोलणी करायला दिल्लीत आले, एप्रिलमध्ये बोलणी फिसकटली. त्याच एप्रिलमध्ये रूझवेल्टांचे वैयक्तिक प्रतिनिधी लुई जॉन्सन दिल्लीत होते. भारताच्या प्रश्नात अमेरिकेनं मध्यस्थी करावी, ही महाराजांची मागणी या पार्श्वभूमीवर वाचायला हवी. हे चार ओळींत पत्राच्या आधी लावा.

शोधायच्या जागा तीन. पहिली, अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचे छापील कागद: १९४२ च्या पहिल्या खंडात भारताचं प्रकरण आहे आणि ते इंटरनेटवर मोफत वाचता येतं. दुसरी, न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्क इथलं रूझवेल्ट ग्रंथालय. १९४१ मध्ये उघडलेलं हे पहिलं अध्यक्षीय ग्रंथालय आहे. तिथल्या अध्यक्षांच्या सचिवांच्या फायलींत भारताचा पत्रव्यवहार आहे. मेल पाठवताना नावाची सगळी इंग्रजी रूपं द्या: होळकर, इंदूरचे महाराजा, ‘यशवंत राव’ सुटं आणि जोडून. एकच रूप दिलं की ‘काही सापडलं नाही’ असं उत्तर येतं. तिसरी, राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ संकेतस्थळ. इंदूर रेसिडेन्सीच्या (संस्थानावर नजर ठेवणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या कचेरीच्या) फायली तिथे शोधा. संस्थानिकानं परक्या अध्यक्षाला जाहीर पत्र लिहिलं म्हणजे रेसिडेन्सीत हालचाल झालीच असणार. फायलीचा क्रमांक आणि खातं आधी टिपून मगच प्रतीची मागणी करा.

बाकी सामानाबद्दल स्पष्ट मत. शर्मिष्ठादेवी, म्हणजे महाराजा तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्याशी लग्न केलेल्या सिएटलच्या नॅन्सी मिलर, इंदूरच्या इतिहासात महत्त्वाच्या आहेत, पण त्या लग्नाचा कुठल्याही अध्यक्षाशी संबंध नाही. फोटो ‘इंदूर आणि अमेरिका’ अशा वेगळ्या भिंतीवर न्या. लिंकनचं तिकीट त्यांच्या मृत्यूच्या शताब्दीचं. ते भारताचं आहे, इंदूरचं नाही, तसंच लिहा. रेशनकार्ड मात्र पुढे आणा. पीएल-४८० कायद्यावर (अमेरिकेचं धान्य परदेशी देण्याचा कायदा) अध्यक्ष आयझेनहॉवरनी १९५४ मध्ये सही केली आणि १९६५-६७ मध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सननी भारताला येणाऱ्या गव्हाच्या बोटी थोड्या थोड्या करून सोडल्या, तो काळ या कार्डाचा आहे. पण कार्डावरचा गहू अमेरिकेचाच होता असं कार्ड सांगत नाही. पाटीवर ‘त्या काळातलं रेशनकार्ड’ एवढंच लिहा.

काचपेटी:

प्लाय आणि पांढरा गोंद दोन्ही आम्लाची वाफ सोडतात आणि बंद पेटीत ती कागदावरच बसते. पावडर कोटिंग केलेल्या पत्र्याची पेटी उत्तम. प्लायच परवडत असेल तर आतून सगळीकडे ॲल्युमिनियम फॉइल चिकटवा, वर आम्लमुक्त पुठ्ठा. रंग दिल्यावर पेटी किमान तीन-चार आठवडे उघडी ठेवा. उद्घाटनाच्या घाईत हेच राहून जातं.

तुमच्या मापाच्या पेटीत ०.०८१ घनमीटर हवा आहे. घनमीटरला २० किलो या हिशेबानं सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) सुमारे १.६ किलो लागेल. ते कोरडं घालू नका, त्यानं पेटीतली हवा फार सुकते आणि कागद वळतो. ऑक्टोबरात खोलीतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास असताना ट्रेमध्ये पसरून दोनेक आठवडे ठेवा, मग घाला. निळे दाणे टाळा, त्यात कोबाल्ट असतं. दाण्यांचा रंग ५० टक्के दाखवत नाही, त्यासाठी पेटीत छोटं हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) हवंच.

पश्चिमेच्या खिडक्यांना अतिनील किरण अडवणारी फिल्म आणि जाड दुहेरी पडदे लावा. मूळ कागदावर ५० लक्सच्या (प्रकाश मोजायचं एकक) वर प्रकाश नको. रोज ६ तास, महिन्याला २६ दिवस धरले तर महिन्याचे ७,८०० लक्स-तास होतात. तीन महिन्यांत २३,४०० झाले की मूळ वस्तू वर्षभर अंधारात न्या. उजेड कमी असल्यानं पाटीचा टाइप २४ पॉइंटच्या खाली नको आणि ओळींत अंतर जास्त ठेवा, नाहीतर वेलांट्या-उकार एकमेकांत घुसतात. पश्चिमेच्या भिंतीवरच्या फ्रेमच्या मागे बुचाचे तुकडे लावून १ सेंमी जागा सोडा, पावसाळ्यात ओल तिथूनच येते.

राजवाडा_चौक:

लॅमिनेशन रद्द. रेशनकार्ड पहिल्या पेटीत. तारीख नसलेल्या कात्रणाच्या पाटीवर काय लिहावं?

दप्तर_शोध:

कात्रणाची मागची बाजू वाचा. जाहिरात, सिनेमाचा खेळ, सामन्याचा निकाल, काही ना काही तारखेजवळ नेतं. मग दिल्लीत तीन मूर्तीच्या ग्रंथालयात वर्तमानपत्रांच्या मायक्रोफिल्मवर तो आठवडा चाळा. सापडेपर्यंत पाटी अशी ठेवा: ‘इंदूरचे महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना उद्देशून १९४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पत्राची बातमी. वृत्तपत्राचं नाव व तारीख कात्रणावर नाही. ही प्रत आहे. मूळ कात्रण वाचनालयाच्या संग्रहात.’ आणि मूळ कात्रणावर पेननं तारीख लिहू नका. पाकिटाबाहेर, पेन्सिलनं, वेगळ्या चिठ्ठीवर.