ऑन्टारिओ सरोवराकाठचा हिवाळा: कोंबड्यांचे खुराडे बंद ठेवावे की हवेशीर?

प्रश्न

नमस्कार. आम्ही न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टरजवळ, ऑन्टारिओ सरोवरापासून थोड्याच अंतरावर राहतो. परसात दोन लेगहॉर्न आणि चार वायनडॉट कोंबड्या असून त्यांचा हा पहिलाच हिवाळा आहे. माझे बालपण कोल्हापूरकडच्या खेड्यात गेले. तिथे थंडीच्या रात्री आजी डालग्यावर पोते टाकत असे. त्याच सवयीने मी नोव्हेंबरातच खुराड्याच्या सगळ्या फटी प्लास्टिकने बुजवल्या. गेल्या आठवड्यात पारा उणे १४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला. सकाळी खिडकीच्या काचेवर आतून बर्फाचा थर होता, दार उघडताच डोळे चुरचुरले आणि एका लेगहॉर्नच्या तुऱ्याची दोन टोके काळी पडलेली दिसली. आत उष्णतेचा दिवा लावावा का?

पहिला प्रतिसाद

आपल्या लेगहॉर्नला थंडीपेक्षा ओलीने जास्त छळले आहे. कोंबडीच्या अंगाचे तापमान ४१ अंशांच्या आसपास असते आणि पिसे फुलवून ती कोरड्या थंडीत रात्र सहज काढते; परंतु तिच्या श्वासातून आणि विष्ठेतून (विष्ठेचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पाणीच असतो) निघणारी वाफ बंद खुराड्यात कोंडली, की ती उघड्या तुऱ्यावर बसून गोठते आणि हिमदंश होतो. लेगहॉर्नचा तुरा मोठा असल्याने तिला हे आधी भोवते. वायनडॉटचा तुरा डोक्याला चिकटलेला असल्याने ती वाचते. डोळे चुरचुरणे ही अमोनिया साठल्याची खूण आहे.

प्लास्टिक आजच काढा. छपराखाली, दांडीवर बसलेल्या कोंबड्यांच्या डोक्यांच्या बरेच वर, समोरासमोरच्या भिंतींना झरोके ठेवून त्यांना अर्ध्या इंचाची लोखंडी जाळी मारा. दांडीच्या उंचीवर मात्र वारा लागता कामा नये. बाहेर बर्फ पडत असला तरी त्या गार हवेत बाष्प फार थोडे असते, म्हणून ती आत घेण्यास घाबरू नये. दांडी गोल असल्यास तिच्या जागी दोन बाय चार इंचांची फळी रुंद बाजू वर करून बसवा, म्हणजे कोंबडी पाय टेकून बसते आणि बोटे पिसांखाली झाकली जातात. काळी टोके चोळू नका, कापू नका. ती बहुधा वाळून आपोआप गळतात. सूज आली किंवा पाणी सुटले, तर पशुवैद्यांना दाखवावे.

दुसरा प्रतिसाद

दिवा लावू नये, असे मी कळकळीने सांगते. आमच्या शेजाऱ्यांचे खुराडे अशाच दिव्याने एका रात्रीत जळाले, कारण खाली लाकडाचा कोरडा भुसा आणि हवेत पिसांची धूळ होती. शिवाय हिमवादळात वीज गेली, तर उबेला सरावलेल्या कोंबड्या एकदम गारठतात. वीज वापरायचीच असेल, तर पाण्याच्या भांड्याखालच्या तापत्या बैठकीसाठी वापरा, कारण पाणी गोठले की कोंबड्या खाणेही कमी करतात.

सरोवराकाठच्या लोकांनी आणखी एक गोष्ट सांभाळायला हवी. शेजारचे ईरी सरोवर उथळ असल्याने कित्येक हिवाळ्यांत बरेचसे गोठते. ऑन्टारिओ खोल असल्याने बहुतेक उघडेच राहते, म्हणून त्याच्या पाण्यावरचे बाष्प घेऊन येणारा बर्फ मार्चपर्यंत थांबत नाही आणि त्या उघड्या पाण्यावर रानबदकेही मुक्कामाला असतात. २०२२पासून अमेरिकेत पसरलेला बर्ड फ्लू अशा पाणपक्ष्यांकडून येऊ शकतो. तेव्हा कोंबड्यांच्या फिरण्याच्या जागेवर भक्कम छप्पर घाला (नुसती जाळी ओल्या बर्फाच्या भाराने खाली येते), दाणे बाहेर सांडू देऊ नका आणि काठावर घालून गेलेले बूट खुराड्यात आणू नका.

प्रश्नकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. प्लास्टिक काढले, झरोके पाडले आणि भुशाची गादी वीतभर जाड केली. काल पारा उणे ११ होता, तरी सकाळी काच कोरडी होती आणि आत केवळ भुशाचा वास येत होता. लेगहॉर्नचा तुरा आणखी काळवंडलेला नाही. तिने हातावरचे मक्याचे दाणे टिपले, तेव्हा मला हायसे वाटले. अंडी सध्या थांबली आहेत. दिवस जेमतेम नऊ तासांचा असल्याने कृत्रिम उजेड न देता त्यांना फेब्रुवारीपर्यंत विश्रांती देण्याचे आम्ही ठरवले आहे. वायव्येकडच्या झरोक्यातून मात्र भुरभुर बर्फ आत येतो; त्यावर बाहेरून तिरपी फळी लावावी, की तो झरोका बुजवून आग्नेयेला दुसरा पाडावा?

पहिला प्रतिसाद देणाऱ्याकडून

फळीच लावा, आणि तिचा उतार बाहेरच्या बाजूला ठेवा. झरोका बुजवू नका.