दुधाळ झालेले तेल आणि पावसाळी हवा

एअर रायफलसाठी हवेची टाकी भरणाऱ्या उच्च दाबाच्या स्वस्त कॉम्प्रेसरमध्ये साधे इंजिन ऑइलही चालते, असे काहीजण म्हणतात; ते मत मला मान्य नाही. दोन टप्प्यांत ३०० बारपर्यंत (वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ३०० पट) हवा दाबताना दुसऱ्या टप्प्याचे सिलिंडर इतके तापते की पिस्टनच्या रिंगांवरून वर सरकलेले हलके तेल व्हॉल्व्हवर काजळी धरते आणि क्वचित पेटही घेऊ शकते, म्हणून सिंथेटिक कॉम्प्रेसर तेलच घ्यावे आणि त्याचा ग्रेड पुस्तिकेत सांगितलेलाच असावा.

मात्र तेलाच्या या चर्चेत पाण्याविषयी कोणी बोलत नाही. ३० अंश तापमानाच्या पूर्ण दमट हवेत दर घनमीटरमागे सुमारे ३० ग्रॅम बाष्प असते, आणि ६.८ लिटरची टाकी ३०० बारपर्यंत भरताना जवळपास दोन घनमीटर हवा दाबली जाते; दाबलेल्या हवेतल्या बाष्पाचे पाणी होते आणि ते बाहेर काढले नाही तर तेलात मिसळते. गेल्या जुलैत कोकणात एअर रायफलसाठी अशी टाकी भरताना निचऱ्याची झडप (साचलेले पाणी बाहेर सोडणारी) उघडण्याचा मी कंटाळा केला (आळसच तो!), तेव्हा दर्शक काचेतले (तेल पाहण्याच्या खिडकीतले) तेल ताकासारखे पांढरट दिसू लागले. ते सगळे काढून नवे भरावे लागले. आता मी दर पाच मिनिटांनी झडप उघडतो, आणि पांढरा फवारा थांबेपर्यंत ती बंद करत नाही.